विंडोजचा लॅपटॉप लिनक्सवर नेताना : आधी पंधरा दिवसांची तयारी, मग अर्ध्या तासाचं इन्स्टॉल

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलच्या बाबतीत साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे चांगले चालणारे कितीतरी लॅपटॉप मध्येच अडकले. ते भंगारात न देता लिनक्सवर, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या मोफत प्रणालीवर, नेता येतात, हे आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. गाडी अडते ती क्रमावर. लोक रविवारी सकाळी पेन ड्राइव्ह बनवतात, जेवणाआधी लिनक्स बसवून मोकळे होतात आणि सोमवारी प्रिंटर हलत नाही, पासवर्ड सापडत नाहीत, मराठी टाइप होत नाही. आठवड्याभरात तेच लॅपटॉप दुकानात जाऊन पुन्हा विंडोज घालून येतात. म्हणून या लेखात इन्स्टॉल आठव्या टप्प्यावर आहे, आणि आधीचा एकही टप्पा गाळू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे.

लिनक्सचे अनेक प्रकार आहेत; इथे लिनक्स मिंट धरून चाललो आहे. विंडोजवरून येणाऱ्याला त्याचा मेनू, टास्कबार ओळखीचे वाटतात आणि २२ क्रमांकाच्या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचे नवे लॅपटॉप आणि ॲपलचे एम मालिकेचे मॅकबुक यांना हा लेख लागू नाही.

## टप्पा १ : कामांची यादी

एक कागद घ्या आणि आठवडाभर लॅपटॉपवर जे जे कराल ते लिहून ठेवा. ‘इंटरनेट’ असं मोघम लिहू नका. ‘विजेचं बिल भरलं’, ‘मुलीचा शाळेचा प्रकल्प छापला’, ‘सोसायटीचा हिशेब एक्सेलमध्ये’, असं लिहा. मग प्रत्येक कामापुढे तीनपैकी एक खूण करा.

ब्राउझरवरची कामं : नेटबँकिंग, आयकर विवरणपत्र, महाभूलेखवरचा सातबारा, रेल्वेचं आरक्षण, ईमेल. यांची काळजी नको. फायरफॉक्स किंवा क्रोमियम असला की झालं.

पर्याय असलेली कामं : पत्रं, हिशेबाचे तक्ते, फोटो, व्हिडिओ, पीडीएफ.

फक्त विंडोजवरची कामं : टॅली, कोरलड्रॉ, फोटोशॉप, श्रीलिपीसारखे डीटीपीचे प्रोग्रॅम, डिजिटल सहीच्या यूएसबी टोकनवर चालणारी काही सरकारी कामं, मॅक्रो भरलेल्या एक्सेल फायली.

तिसऱ्या खुणेची कामं रोजची असतील तर तो लॅपटॉप पूर्णपणे लिनक्सवर नेऊ नका. दोन्ही प्रणाली शेजारी शेजारी ठेवा किंवा त्या कामासाठी एक विंडोजचं मशीन राखून ठेवा. वाइन नावाच्या सोयीने काही विंडोज प्रोग्रॅम लिनक्सवर चालतात हे खरं, पण ज्यावर पोट आहे ते काम तिच्या भरवशावर टाकू नये.

यादीत प्रिंटरचं मॉडेलही लिहा. एचपीचे बहुतेक प्रिंटर लिनक्सवर सहज चालतात; लेझरजेट १०२० सारख्या काहींना एचपीचं एक जादा प्लगइन लागतं. एप्सनच्या शाईच्या टाकीवाल्या एल मालिकेला कंपनीचाच ड्रायव्हर आहे. आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानांपासून वकिलांच्या कचेऱ्यांपर्यंत दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० मात्र त्रास देतो. त्याचा ड्रायव्हर जुन्या वेगळ्या पद्धतीचा आहे आणि नव्या लिनक्सवर तो बसवणं नवशिक्याचं काम नाही. तुमच्याकडे तो असेल तर ते आजच कळलेलं बरं.

## टप्पा २ : विंडोजवर राहूनच प्रोग्रॅम बदला

सगळ्यात जास्त गाळला जातो तो हा टप्पा, आणि सगळ्यात जास्त वाचवतो तोही हाच. लिनक्सवर जे वापरणार आहात ते बहुतेक सगळं विंडोजवरही मिळतं: लिब्रेऑफिस, फायरफॉक्स, थंडरबर्ड, व्हीएलसी, जिंप. आजच बसवा आणि किमान पंधरा दिवस फक्त तेच वापरा.

यात फायदा असा, की एका वेळी एकच गोष्ट बदलते. लिब्रेऑफिसमध्ये तक्ता बिघडला तर तो लिब्रेऑफिसमुळेच बिघडला हे कळतं आणि जुना प्रोग्रॅम हाताशी असतो. प्रणाली आणि प्रोग्रॅम एका दिवशी बदलले की प्रत्येक अडचणीचं खापर लिनक्सवर फुटतं.

या पंधरा दिवसांत तीन गोष्टी मुद्दाम करून बघा. नेहमीच्या पाच-सहा वर्ड फायली उघडून छापा. सर्वांत किचकट एक्सेल फाइल उघडून बेरजा पडताळा. आणि ब्राउझरमधले पासवर्ड बिटवॉर्डन किंवा कीपासएक्ससी या पासवर्ड सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये हलवा. हलवताना पासवर्डची जी साधी फाइल तयार होते ती कुणालाही वाचता येते. काम झाल्यावर ती पुसा आणि रिसायकल बिनमधूनही काढा.

तपासणी : जुने प्रोग्रॅम शेवटचे कधी उघडावे लागले आणि कशासाठी? उत्तर कागदावर लिहा. पंधरा दिवसांत चारदा उघडावे लागले असतील तर अजून आठवडाभर थांबा.

## टप्पा ३ : डेटा खरोखर कुठे आहे ते शोधा

‘डॉक्युमेंट्स’ फोल्डर पेन ड्राइव्हवर टाकला की बॅकअप झाला, असं समजणारे पुष्कळ आहेत. वनड्राइव्ह चालू असेल तर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर बहुधा वनड्राइव्हच्या आत गेलेले असतात, आणि त्यातल्या काही फायलींचं फक्त नाव तुमच्या डिस्कवर असतं. फाइलशेजारी ढगाचं चित्र दिसत असेल तर ती फाइल लॅपटॉपवर नाही. अशा फोल्डरवर राइट क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडा, सगळं उतरू द्या, हिरवी खूण दिसली की मगच कॉपी करा.

आणखी या जागा बघा : डाउनलोड्स, सी ड्राइव्हवर थेट बनवलेले फोल्डर, डी ड्राइव्ह, आउटलुकची पीएसटी फाइल, टॅलीचा डेटा फोल्डर, स्कॅनरचा स्वतःचा फोल्डर, बुकमार्क.

बॅकअप बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि लग्नाचे फोटो, मालमत्तेची कागदपत्रं यांची दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवा. मग ती डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून दहा-बारा फायली उघडून बघा. उघडून न पाहिलेल्या बॅकअपला मी बॅकअप मानत नाही.

इशारा : विंडोजमध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ किंवा बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू आहे का ते आत्ताच पाहा. चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवा. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) काही बदललं की विंडोज ही की मागू शकतं, आणि ती नसेल तर डेटाला मुकाल. दोन्ही प्रणाली ठेवणार असाल तर बिटलॉकर पूर्ण बंद करा आणि डिस्क डिक्रिप्ट होईपर्यंत थांबा. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समधलं ‘फास्ट स्टार्टअप’ही बंद करा, नाहीतर लिनक्समधून विंडोजच्या ड्राइव्हवर लिहिता येत नाही.

## टप्पा ४ : जुन्या फॉन्टांतला मराठी मजकूर

इंग्रजीतल्या कुठल्याही मार्गदर्शकात हा टप्पा सापडणार नाही, आणि आपल्याकडे सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं.

कृतिदेव, श्रीलिपी, डीव्ही-टीटी सुरेख अशा फॉन्टांत टाइप केलेला मजकूर वरून मराठी दिसतो, पण फाइलीच्या आत रोमन अक्षरं आणि चिन्हं साठवलेली असतात. फॉन्ट नाही तर वाचायला मराठीही नाही. माझ्या मामांचा लॅपटॉप बदलून देताना त्यांच्या गावच्या देवस्थानाची वीस वर्षांची इतिवृत्तं मी नीट कॉपी केली, फॉन्ट मात्र घ्यायचे विसरलो आणि डिस्क पुसली. फायली उघडत होत्या, पण एक ओळही वाचता येत नव्हती. नेमका फॉन्ट मिळवायला तालुक्याच्या तीन छापखान्यांत फिरावं लागलं. तेव्हापासून हे काम मी सगळ्यांत आधी करतो.

१. मजकुरावर क्लिक करून फॉन्टच्या खिडकीत नाव बघा. मंगल, कोकिळा, निर्मला किंवा नोटो असेल तर मजकूर युनिकोड, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या पद्धतीचा आहे, चिंता नाही. नावात कृतिदेव, श्री-देव, डीव्ही-टीटी असं काही असेल तर तो जुन्या पद्धतीचा.

२. सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरातल्या ‘फॉन्ट्स’मधून हे सगळे फॉन्ट बॅकअपमध्ये घ्या. लिनक्सवर या फायली बसवल्या की जुने दस्तऐवज निदान वाचता येतात.

३. पुढेही लागणारा मजकूर युनिकोडमध्ये बदला. त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात, पण प्रत्येक फॉन्टचा नकाशा वेगळा असल्याने नेमक्या त्याच फॉन्टाचा कन्व्हर्टर हवा.

४. बदललेला मजकूर मुळाशी ताडून वाचा. चुका ठरावीक जागी होतात : रफार एक अक्षर मागे-पुढे सरकतो, पहिली वेलांटी जोडाक्षराच्या मध्येच अडकते आणि ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतला अर्धा र ‘र्‍य’चा ‘र्य’ होऊन बसतो. आकडे, तारखा आणि अवतरणचिन्हंही नीट बघा.

५. ज्या कागदांना कायदेशीर किंमत आहे त्यांची विंडोजवर असतानाच पीडीएफ करून ठेवा.

## टप्पा ५ : मशीन ओळखा

स्टार्टमध्ये ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ शोधा. रॅम किती, प्रोसेसर कुठला, ‘बायोस मोड’ यूईएफआय की लेगसी, हे टिपून घ्या.

रॅम ८ जीबी असेल तर मिंटची सिनॅमन आवृत्ती घ्या. ४ जीबी असेल तर एक्सएफसीई. २ जीबीवर मिंट बसतं, पण आजच्या वेबसाइटच इतक्या जड आहेत की ब्राउझरचे चार टॅब उघडले की दम लागतो. मिंट २२ फक्त ६४ बिटांच्या प्रोसेसरवर चालतं.

आत जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर माझा आग्रह आहे, की तिच्या जागी अडीच इंची साटा एसएसडी बसवा. वेगात पडणारा फरक हा एक भाग. त्याहून मोठी गोष्ट अशी, की जुनी डिस्क विंडोज आणि सगळ्या डेटासकट तशीच बाहेर निघते. यूएसबीच्या डबीत घालून कपाटात ठेवा. काही बिनसलं तर स्क्रू काढून ती परत बसवली की लॅपटॉप जसा होता तसा. परतीची इतकी भक्कम वाट दुसऱ्या कुठल्याही प्रकारे मिळत नाही.

जुना व्यावसायिक लॅपटॉप विकत घेऊन सुरुवात करायची असेल तर थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक यांवर लिनक्स सहसा बिनतक्रार चालतं. लॅमिंग्टन रोडला असो की गावच्या दुकानात, पैसे देण्याआधी बायोस उघडून दाखवायला सांगा. आधीच्या कंपनीचा पासवर्ड तिथे असेल तर तो लॅपटॉप घेऊ नका.

## टप्पा ६ : पेन ड्राइव्ह बनवा

लिनक्स मिंटच्या अधिकृत साइटवरूनच आयएसओ फाइल (इन्स्टॉलची पूर्ण प्रत) उतरवा. ती साधारण ३ जीबीची असते. ८ जीबीचा पेन ड्राइव्ह पुरतो. त्यातलं सगळं पुसलं जातं, म्हणून आधी रिकामा करा.

ती पेन ड्राइव्हवर लिहिण्यासाठी रूफस किंवा बलेना एचर हे प्रोग्रॅम वापरा. आयएसओ फाइल नुसती कॉपी-पेस्ट केली तर पेन ड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू होत नाही. ही चूक आजही रोज होते.

तपासणी : मिंटच्या साइटवर प्रत्येक फाइलीचा शा-२५६ चेकसम (फाइल जशीच्या तशी आहे हे पटवणारी अक्षरांची ओळ) दिलेला असतो. रूफसमध्ये फाइल निवडल्यावर बाजूच्या बरोबरच्या खुणेवर क्लिक केलं की तुमच्या फाइलीचा चेकसम दिसतो. दोन्ही जुळले पाहिजेत. जुळले नाहीत तर फाइल पुन्हा उतरवा. अर्धवट फाइलीमुळे इन्स्टॉल मध्येच थांबलं की दोष डिस्कचा वाटतो आणि दिवस वाया जातो.

दुसऱ्या पेन ड्राइव्हवर मायक्रोसॉफ्टच्या साधनाने विंडोजची इन्स्टॉल प्रतही बनवून ठेवा. लॅपटॉपबरोबर आलेलं विंडोजचं डिजिटल लायसन्स मदरबोर्डशी जोडलेलं असतं, त्यामुळे परत जायची वेळ आली तर नवीन की घ्यावी लागत नाही.

## टप्पा ७ : न बसवता चालवून बघा

पेन ड्राइव्ह लावून लॅपटॉप सुरू करा आणि बूट मेनूची कळ दाबत राहा : डेल व लेनोव्हो एफ१२, एचपी एफ९, असुस एस्केप, एसर एफ१२. एसरमध्ये हा मेनू बऱ्याचदा बायोसमधून आधी चालू करावा लागतो.

आता मिंट पेन ड्राइव्हवरूनच चालेल. डिस्कला हात लागलेला नाही. घाई न करता तासभर वापरा. वाय-फाय जोडा, यूट्यूबवर आवाज ऐका, कॅमेरा, टचपॅड, पडद्याचा उजेड, ब्लूटूथ बघा. प्रिंटर जोडून एक पान छापा. लॅपटॉपचं झाकण मिटून दोन मिनिटांनी उघडा. झोपेतून न उठणारे लॅपटॉप इथेच ओळखू येतात.

वाय-फाय दिसत नसेल तर घाबरू नका. अँड्रॉइड फोन केबलने जोडा, ‘यूएसबी टिदरिंग’ चालू करा, इंटरनेट लगेच मिळतं. मग ‘ड्रायव्हर मॅनेजर’ उघडून बघा. ब्रॉडकॉमच्या चिप्सना बहुधा इथूनच ड्रायव्हर मिळतो.

थांबण्याची जागा : आवाज, वाय-फाय किंवा झोप यांपैकी काही चालत नसेल आणि उपाय सापडत नसेल तर पुढे जाऊ नका. पेन ड्राइव्ह काढा, विंडोज जसंच्या तसं आहे. मॉडेलचं नाव घालून मिंटच्या फोरमवर शोधा, मग या.

## टप्पा ८ : इन्स्टॉल

चार्जर लावा. डेस्कटॉपवरचं ‘इन्स्टॉल लिनक्स मिंट’ सुरू करा.

१. कीबोर्ड ‘इंग्लिश (यूएस)’ ठेवा. आपल्याकडच्या लॅपटॉपांची रचना तीच असते. यूके निवडलं तर ॲट आणि अवतरणचिन्ह यांची अदलाबदल होते, आणि पासवर्डात ते चिन्ह असेल तर लॉगिनच होत नाही. मराठी कीबोर्ड इथे निवडू नका, तो नंतर जोडायचा आहे.

२. ‘मल्टिमीडिया कोडेक्स’ला खूण करा. सिक्युअर बूट (अनोळखी प्रणाली रोखणारं बायोसमधलं सेटिंग) चालू असेल तर एक पासवर्ड मागितला जाऊ शकतो. तो लिहून ठेवा. पुढे लागणार आहे.

३. डिस्कचा प्रश्न. पूर्ण वाचल्याशिवाय पुढचं बटण दाबू नका. ‘इरेज डिस्क’ म्हणजे डी ड्राइव्हसकट सगळं जातं. विंडोजमध्ये दिसणारे सी आणि डी हे बहुधा एकाच डिस्कचे भाग असतात. दोन्ही प्रणाली हव्या असतील तर ‘इन्स्टॉल अलाँगसाइड’. त्यासाठी आधी विंडोजच्याच ‘डिस्क मॅनेजमेंट’मधून किमान ५० जीबी जागा मोकळी केलेली बरी. एकाहून जास्त डिस्क असतील तर आकारावरून ओळखा.

अडलं तर : डिस्क यादीत दिसतच नसेल तर बायोसमध्ये साठवणुकीचा प्रकार इंटेल आरएसटी किंवा रेड असा असण्याची शक्यता आहे, तो एएचसीआय करावा लागतो. विंडोजही ठेवायचं असेल तर हा बदल सरळ करू नका. तयारी न करता केला तर विंडोज सुरू होत नाही.

४. वेळेसाठी कोलकाता निवडा, नाव आणि पासवर्ड द्या. नंतरचं काम आपोआप होतं.

पुन्हा सुरू होताना ‘मोक मॅनेजमेंट’ असं लिहिलेला निळा पडदा आला तर ‘एनरोल मोक’ निवडून वर लिहून ठेवलेला पासवर्ड द्या. घाईत ‘कंटिन्यू बूट’ दाबलं जातं आणि मग वाय-फाय किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर चालत नाही.

## टप्पा ९ : पहिल्या दिवसाची कामं, याच क्रमाने

आधी ‘टाइमशिफ्ट’ लावा. तो प्रणालीची छबी घेतो आणि बिघाड झाला तर मागे जाता येतं. त्यात तुमचे फोटो, कागदपत्रं येत नाहीत. त्यांचा बॅकअप वेगळाच घ्यायचा. मग ‘अपडेट मॅनेजर’, मग ‘ड्रायव्हर मॅनेजर’, मग फायरवॉल चालू करा. डेटा त्यानंतर आणा.

नवे प्रोग्रॅम ‘सॉफ्टवेअर मॅनेजर’मधूनच घ्या. जुन्या सवयीने साइटवरून ईएक्सई फायली उतरवू नका. आणि एखाद्या व्हिडिओत सांगितलेली आज्ञा टर्मिनलमध्ये चिकटवण्याआधी ती काय करते हे समजून घ्या. तुमचा पासवर्ड दिला की ती काहीही करू शकते.

दोन्ही प्रणाली ठेवल्या असतील तर घड्याळ साडेपाच तासांनी चुकू शकतं. विंडोज मशीनच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवतं, लिनक्स जागतिक वेळ, आणि भारताचा फरक नेमका तेवढाच. लिनक्सला स्थानिक वेळ वापरायला सांगितलं की प्रश्न सुटतो.

## टप्पा १० : मराठी टायपिंग

इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांची प्रमाण कीबोर्ड रचना) येत असेल तर काम दोन मिनिटांचं. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये ‘लेआउट्स’मध्ये जाऊन मराठी इनस्क्रिप्ट जोडा आणि अदलाबदलीची कळ ठरवा. त्याच यादीत ‘मराठी (कागपा, फोनेटिक)’ही आहे, पण तो गूगलच्या साधनासारखा शब्द ओळखत नाही, एका कळीला एक अक्षर, जोडाक्षरासाठी एफ.

‘namaskar’ धाटणीने रोमनमध्ये लिहून मराठी उमटवायची सवय असेल तर सॉफ्टवेअर मॅनेजरमधून आयबस आणि त्याचा एम१७एन हा जोड बसवा. ‘इनपुट मेथड’मध्ये आयबस निवडा, लॉग आउट करून पुन्हा आत या, आणि आयबसच्या पसंतीत मराठी शोधा. तिथे आयट्रान्स, फोनेटिक, रेमिंग्टन यांच्याबरोबर आपला ओळखीचा गमभनही आहे. लॉग आउट न केल्यामुळे ‘मराठी येतच नाही’ म्हणणारे अनेक भेटतात.

लिब्रेऑफिसच्या भाषेच्या सेटिंगमध्ये ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ चालू करून भाषा मराठी निवडा. हिंदी राहिली तर काही फॉन्ट ल आणि श हिंदी वळणाचे दाखवतात. देवनागरीचा मूळ फॉन्टही तिथेच वेगळा ठरवावा लागतो. मंगल मायक्रोसॉफ्टचा असल्याने मिंटबरोबर येत नाही. नोटो किंवा मुक्त मिळणारा ‘मुक्ता’ वापरा आणि जुन्या दस्तऐवजांतली पानं सरकली आहेत का ते छापण्याआधी बघा.

## टप्पा ११ : फोन सर्वांत शेवटी

लॅपटॉप दोन-तीन महिने सुरळीत चालल्याशिवाय फोनला हात लावू नका. सुरुवात इथेही ॲप बदलण्यापासून : एफ-ड्रॉइड या ॲपच्या दुकानातून मुक्त ॲप घ्या, ब्राउझर फायरफॉक्स करा, नको त्या ॲपच्या परवानग्या काढा.

फोनची प्रणालीच बदलायची तर लाइनेजओएस बऱ्याच मॉडेलांवर चालतं, ग्राफीनओएस फक्त पिक्सेलवर. नेमकं तुमचं मॉडेल त्यांच्या अधिकृत यादीत आहे का ते बघा. नाव सारखं पण शेवटचं अक्षर वेगळं असेल तर तो वेगळा फोन. बूटलोडर (फोन सुरू करणारा, कुलूपबंद प्रोग्रॅम) उघडताना फोनमधलं सगळं पुसलं जातं.

बँकांची आणि यूपीआयची ॲप फोन मूळ अवस्थेत आहे का हे तपासतात आणि बदललेल्या प्रणालीवर अनेकदा सुरू होत नाहीत. म्हणून हा प्रयोग जुन्या, पडून असलेल्या फोनवर करा. बँकेशी जोडलेलं सिम नेहमीच्या फोनमध्येच राहू द्या आणि तुमच्या बँकेचं ॲप नव्या प्रणालीवर महिनाभर न अडखळता चाललं, की मगच ते हलवा.